हॅरीने गोळ्या मोजल्या होत्या

'डर्टी हॅरी' या हॉलिवूड सिनेमाच्या शेवटी इन्स्पेक्टर हॅरी, म्हणजे क्लिंट ईस्टवूड, जखमी गुन्हेगारावर रिव्हॉल्व्हर रोखून जे बोलतो, त्याला मी ताकीद मानत नाही. समोरच्याने बंदूक उचलावी म्हणूनच तो ते बोलतो, असं माझं ठाम मत आहे. परवा यावलकडे एका मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती, तिथे हे म्हणालो तर पोरं अंगावरच आली. 'काका, हीरोचा डायलॉग आहे, एवढा काय विचार करता!' तेवढ्यात ताटं वाढली आणि विषय अर्धवट राहिला. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सिनेमा १९७१चा, दिग्दर्शक डॉन सीगल, शहर सॅन फ्रान्सिस्को. इन्स्पेक्टर हॅरी तेच भाषण दोनदा करतो. सुरुवातीला बँक लुटणारा एकजण जखमी होऊन पडलाय, त्याची बंदूक हाताच्या अंतरावर आहे. हॅरी म्हणतो, मी सहाच्या सहा गोळ्या झाडल्या की पाचच, हाच विचार करतोयस ना? खरं सांगू, या गडबडीत माझ्याही लक्षात राहिलं नाही. पण ही मॅग्नम रिव्हॉल्व्हर आहे, डोकं उडवेल. नशीब जोरावर आहे का, तूच ठरव. तो हात मागे घेतो. हॅरी निघतो, तर तो लुटारू म्हणतो, गोळी उरली होती का, मला कळायलाच हवं. हॅरी वळतो, त्याच्यावर नेम धरतो आणि चाप ओढतो. खट्! रिकामं. हॅरी हसत निघून जातो.

आता जिवंत माणसावर असा चाप कोण ओढेल? आत गोळी नाही याची पक्की खात्री असेल तोच. म्हणजे 'लक्षात राहिलं नाही' हे धादांत खोटं होतं. हॅरी गोळ्या मोजतो.

शेवटी पाण्याकाठी स्कॉर्पिओ नावाचा खुनी, सिनेमाचा खलनायक, तसाच पडलाय, खांदा फुटलेला, पिस्तूल जवळच. वाक्यं जवळपास तीच. पण पहिल्या वेळी ओठांवर मिश्कील हसू होतं, आता दात आवळलेले आहेत. या वेळी एक गोळी शिल्लक आहे, आणि ज्याने तेव्हा मोजल्या त्याने आत्ताही मोजल्याच असणार.

मी भुसावळला वकिली करतो. फिर्यादीत एक वाक्य ठरलेलं असतं: 'शिवीगाळ करून जिवे ठार मारण्याची धमकी दिली.' बांधाच्या भांडणात कुणी नुसतं 'तुले दखी लिसू' (तुला बघून घेईन) म्हणालं तरी कागदावर ते याच साच्यात बसतं. मग उलटतपासणीत आम्ही विचारतो, तो उभा कुठे होता, हातात काय होतं, बोलून पुढे काय केलं. धमकीचा गुन्हा (पूर्वी भादंवि ५०६, जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१) नुसत्या शब्दांवर टिकत नाही, हेतू बघावा लागतो. हॅरीलाही तेच लावा. पहिल्यांदा त्याला हवं होतं, समोरच्याने हात मागे घ्यावा. दुसऱ्यांदा त्याला हवंय, हात पुढे यावा.

का, तेही सिनेमातच आहे. याच स्कॉर्पिओला हॅरीने स्टेडियमच्या मैदानात गाठून, जखमी पायावर पाय देऊन, पळवलेल्या मुलीचा ठावठिकाणा वदवून घेतला होता. वॉरंट नव्हतं, आरोपीचे हक्क तुडवले गेले, पुरावा बाद झाला, स्कॉर्पिओ सुटला. पुढे त्याने शाळेची बस पळवली. याला पुन्हा कोर्टात उभं करायची हॅरीची इच्छाच उरलेली नाही.

समीक्षक पॉलीन केल यांनी या सिनेमावर फॅसिस्ट वळणाचा असल्याचा ठपका ठेवला होता. त्यांचा राग मला समजतो, पण शेवटचं दृश्य त्या ठपक्यात पुरतं मावत नाही. स्कॉर्पिओ पिस्तूल उचलतो, गोळी लागते, तो पाण्यात पडतो. मग हॅरी आपला पोलिसी बिल्ला काढतो, बघतो आणि त्याच पाण्यात भिरकावतो. आपण कायद्याचं काम केलं असं त्याला वाटलं असतं, तर बिल्ला फेकायचं कारणच नव्हतं. डायलॉगला टाळ्या वाजवणारे या बिल्ल्याकडे बघतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हॅरीचा वकील म्हणून मी उभा राहिलो असतो तर स्वसंरक्षणाचा हक्क मांडला असता. बचाव भक्कम आहे, कारण समोरच्याने पिस्तूल उचललं होतं. पण सरकारी वकिलाने एवढंच विचारलं असतं: तो जखमी होता, तुझी रिव्हॉल्व्हर रोखलेली होती, मग ते पिस्तूल पायाने बाजूला न सारता तू बोलत का उभा राहिलास? याचं उत्तर हॅरीकडे नाही, आणि त्याचा वकील म्हणून मलाही देता आलं नसतं.