जादा गाडी

"गाडी लावलीयस कुठं?"

रात्रीचे साडेदहा वाजलेले. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमबाहेर, डोंगर कापून पायऱ्या-पायऱ्यांनी केलेल्या त्या अवाढव्य पार्किंगमध्ये मी उजवा हात वर धरून किल्लीचं बटण दाबत गोल फिरत होतो. लांबून कुणाला वाटलं असतं, माणूस आरती ओवाळतोय. माझी गाडी पांढरी. इथं जागा सोळा हजार गाड्यांची. कॅलिफोर्नियात दर दुसऱ्या माणसाला पांढरीच गाडी आवडते, हे मला त्या रात्री कळलं.

आता कुणी म्हणेल, पाटीचा फोटो काढायचा ना. काढला होता! बायकोनं घरातून निघताना तीनदा बजावलं होतं. फोटोत अण्णा होते, अण्णांच्या डोक्यावर नवीकोरी निळी टोपी होती, मागं मावळतीचं केशरी आभाळ होतं आणि अण्णांच्या खांद्यातून उगवल्यासारखा एक खांब होता. पाटी तेवढी फ्रेमच्या वर राहिली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि कंट्रोलर होऊन निवृत्त झाले. निम्मी नोकरी साताऱ्याच्या स्टँडवर गेली. आषाढीच्या जादा गाड्या, यात्रा स्पेशल, दिवाळीची गर्दी, ब्रेकडाऊन, हे सगळं त्यांनी एक माईक आणि एक लाल पेन यांच्या जोरावर निभावलेलं. त्यांना मी अमेरिका दाखवायला आणलं आणि बेसबॉल दाखवायला नेलं. त्यांनी पाहिली ती वाहतूक.

मी गाडी शोधत असताना मन रमावं म्हणून त्यांना या संघाची गोष्ट सांगितली. डॉजर्स मूळचे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचे. तिथं रस्त्यारस्त्यांतून ट्रॉली, म्हणजे ट्राम धावायच्या आणि लोक त्यांना चुकवत जीव वाचवायचे. ट्रॉली चुकवणारे ते डॉजर्स. मैदान होतं एबेट्स फील्ड. भर वस्तीतलं, अडचणीचं, गाड्यांना जागा जेमतेम सातशे. पुढं लोक उपनगरांत राहायला गेले, मोटारी आल्या, मालक वॉल्टर ओमॅली यांना नवं मैदान हवं होतं आणि शहराशी जागेवरून काही जमेना. १९५७चा हंगाम संपल्यावर त्यांनी संघ उचलला आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला आणला. १९६२ साली हे स्टेडियम उघडलं.

अण्णांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे पार्किंगसाठी तीन हजार मैल आले?"

"तसंच काही नाही, पण..."

"आणि तुला अजून गाडी सापडंना."

गाडी सापडली तेव्हा आम्ही तिच्या समोरून दोनदा जाऊन आलो होतो असं अण्णांचं म्हणणं. मला ते मान्य नाही. असो. गाडीत बसलो, पट्टे लावले, दिवे लावले आणि तसेच बसून राहिलो. यात दोष कुणाचाच नाही. सामना संपला की हजारो माणसं एकाच मिनिटाला घरी जायला निघणार, तर पुंडलिकवरदा म्हणून वाट पाहण्याखेरीज दुसरं काय होणार? मी रेडिओ लावला. वळून पाहिलं तर शेजारची सीट रिकामी.

अण्णा समोर दोन रांगांच्या मध्ये उभे होते. एक भलामोठा पिकअप ट्रक तिरका होऊन अडकला होता आणि अण्णा मागं उभे राहून दोन्ही हातांनी त्याला बोलावत होते. "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... डावीकडं मार... अजून मार... बास!" आतला दाढीवाला गडी मराठीच्या एका अक्षराचाही धनी नव्हता, पण त्यानं स्टिअरिंग बरोबर डावीकडं मारलं आणि 'बास'ला ब्रेकही बरोबर दाबला. मग अण्णांनी एक हात आडवा करून एक रांग थांबवली आणि दुसरी सोडली. आमच्या रांगेच्या नऊ गाड्या गेल्या. दहावी माझी. खिडकीशी येऊन म्हणाले, "थांब जरा. आपलीच गाडी आधी काढली तर पब्लिक बोंबलंल."

पुढच्या वेळी काय करायचं ते त्यांनी घरी पोचायच्या आतच ठरवलं. "एसटीनं जायचं."

तशी सोय आहे. डाउनटाउनमधल्या युनियन स्टेशनवरून स्टेडियमला बस सुटते. डॉजर स्टेडियम एक्सप्रेस तिचं नाव. सामन्याच्या दीड तास आधीपासून फेऱ्या सुरू होतात. सनसेट बुलेव्हार्डवर तिच्यासाठी वेगळी मार्गिका सोडलेली असते, त्यामुळे खोळंबलेल्या मोटारींच्या शेजारून ती ऐटीत निघून जाते. हातात सामन्याचं तिकीट असलं की बसचं तिकीट लागत नाही.

हे शेवटचं ऐकून अण्णा अस्वस्थ झाले. "फुकट? मग वेबिल कसं जुळवतात?"

बसमध्ये बसल्यावर त्यांनी आधी खिडकीच्या काचा तपासल्या, मग उभी माणसं मोजली. बाहेर अडकलेल्या गाड्यांकडं ते ज्या नजरेनं पाहत होते, ती नजर मी लहानपणी पाहिली होती. वडाप जीपला टायर पंक्चर होऊन रस्त्याकडेला उभी पाहिली की ते असंच पाहायचे. सेंटर फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या समोरच्या मधल्या टोकाच्या, मागं बसनं सोडलं. उतरताना त्यांनी ड्रायव्हरबाईंना नमस्कार केला, शेवटची फेरी कधी ते मला विचारायला लावलं आणि उत्तर तळहातावर लिहून घेतलं: सामना संपल्यावर पाऊण तासापर्यंत.

खेळ कसा झाला हे मी सांगू शकत नाही. बेसबॉलच्या सामन्यात नऊ इनिंग, म्हणजे डाव; त्यातल्या तिसऱ्या इनिंगपासून माझं सगळं लक्ष परतीच्या रांगेत अडकलं होतं. इथल्या प्रेक्षकांची ख्यातीच अशी की ते तिसऱ्या इनिंगला येतात आणि सातव्या इनिंगला उठतात. देशभर त्यावरून चेष्टा चालते. मला ती चेष्टा क्रूर वाटते. ज्यानं इथं गाडी लावलीय त्यालाच ते दुःख कळणार.

याच मैदानावर १९८८च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना झाला. शेवटची इनिंग, दोन आउट, डॉजर्स एका रननं मागं. दोन्ही पाय दुखावलेला कर्क गिब्सन लंगडत आला आणि त्यानं होमरन मारून, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवून, सामना काढला. त्या चित्रफितीत चेंडू उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत पडतो, तेव्हा मागच्या पार्किंगमध्ये एका गाडीचे ब्रेकलाइट लाल पेटलेले दिसतात. कोण होता देव जाणे. बायकोला काय म्हणाला असेल? "बघ, कसे वेळेत निघालो!" लोक गिब्सनचा फटका पुन्हा पुन्हा पाहतात, मी त्या दिव्यांकडं पाहतो.

ही गोष्ट मला पाठ होती. तरीही आठव्या इनिंगमध्ये, सामना बरोबरीत असताना, मी म्हणालो, "अण्णा, निघूया? नंतर रांग लागंल."

अण्णा तयारच होते. "पहिल्या फेरीला बसायला मिळतं," ते म्हणाले.

बसायला मिळालं. खिडकीची जागा. आम्ही बसलो, मागून आमच्यासारखेच पंधरा-वीस शहाणे चढले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तो समंजस, पुढचा विचार केल्याचा भाव. तेवढ्यात मागं, डोंगराच्या पोटातून आल्यासारखा, आवाज फुटला. काचा हादरल्या. बसमधल्या प्रत्येकानं एकाच वेळी खिशातून फोन काढला. कुणीतरी हळूच "नो!" म्हणालं. फटाके उडाले. ते मात्र खिडकीतून छान दिसले.

कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. दार उघडंच होतं, उतरून परत धावत जायचं तर त्यालाही आता अर्थ नव्हता. ड्रायव्हरबाईही आरशातून आमच्याकडं पाहत थांबल्या होत्या.

अण्णांनी मागं वळून बस पाहिली. मान हलवत माणसं मोजली. मग जागेवरून उठले, हातातल्या अंगठीनं वरच्या दांडीवर दोनदा ठोकलं, टण् टण्, आणि म्हणाले, "जाऊ द्याऽऽ."

दार लागलं आणि गाडी सुटली.