३८ रुपये कमी पडले होते

आज दुपारी आमच्या ऑफिसमधल्या मावशी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. पदराला हात पुसले आणि मोबाइल पुढे केला. "ताई, जरा वाचून सांगता का, पैसे कुठं गेले ते?" तीन मेसेज होते, तिन्ही इंग्रजीत. पहिला, हप्ता बाउन्स झाला. दुसरा, खात्यातून ५९० रुपये वजा. तिसरा फायनान्स कंपनीचा, बाउन्स चार्ज ५०० रुपये, हप्त्यासकट ताबडतोब भरा.

मुलीच्या कॉलेजसाठी त्यांनी हप्त्यावर मोबाइल घेतलाय. हप्ता १,६५० चा, दर ५ तारखेला. कंत्राटदार पगार कधी ३ ला करतो, कधी ४ ला. या महिन्यात ७ ला केला. एवढंच झालं. मी वाचून दाखवलं, तर त्या हळूच म्हणाल्या, "माझं काही चुकलं का ताई?"

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. घरी आले, जेवण झालं, सगळे झोपले आणि आता लिहायला बसलेय. लांबेल कदाचित, पण वाचा.

५९० हा आकडा मला पाठ आहे. ५०० चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९० रुपये. मी हा आकडा माझ्या स्वतःच्या पासबुकात पाहिलाय, एकदा नाही, दोनदा, एकाच आठवड्यात.

नवऱ्याचं काम सुटलं होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या एका पगारावर घर चाललं होतं आणि गाडीचा हप्ता होता ३,८५० चा. महिन्याचा प्रत्येक रुपया कुठे जाणार हे मी एका जुन्या डायरीत लिहून ठेवायचे. त्या महिन्यात खात्यात ३,८१२ होते. ३८ रुपये कमी. ते मला माहीत होतं! घरात डब्यात रोख ६०० रुपये होते, त्यातले ५० भरायचे हेही डायरीत लिहिलेलं होतं. ५ तारीख रविवारी येत होती. माझ्या डोक्यात जुना हिशोब, की रविवारी बँक बंद, हप्ता सोमवारी जाणार, सोमवारी सकाळी भरू. पण खात्यातून हप्ते आपोआप कापणारी 'नाच' (NACH) नावाची यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने आठवड्याचे सातही दिवस सुरू केलीय. रविवार असो की सुट्टी, हप्ता जातो. मला कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी पावणेसातला मेसेजच्या आवाजाने जाग आली.

पैसे कापायला बँक रविवारी चालू आणि माझे ५० रुपये भरून घ्यायला बंद. हे मला आजही पचत नाही.

बरं, पुढचं ऐका. सोमवारी सकाळी मैत्रिणीला ५० ची नोट दिली आणि तिच्याकडून यूपीआयने ५० रुपये घेतले. खात्यात ३,८६२. मी निर्धास्त. गाडीच्या कर्जाची कंपनी बँकेकडे पुन्हा हप्ता लावेल, आता निघून जाईल. बुधवारी बँकेने पहिल्या बाउन्सचे ५९० कापले. राहिले ३,२७२. गुरुवारी कंपनीने हप्ता पुन्हा लावला आणि तो पुन्हा बाउन्स झाला. पुन्हा बँकेचे ५९०. पुन्हा कंपनीचे ५००. दोन्ही वेळचे बँकेचे आणि कंपनीचे मिळून २,१८० रुपये, ३८ रुपयांसाठी.

दुसऱ्या वेळी माझे पैसे कमी नव्हते हो. मी भरले होते. बँकेने स्वतःचा दंड आधी काढून घेतला म्हणून ते कमी पडले. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून दंड, तो दंड त्याच खात्यातून, आणि त्या दंडामुळे पुढचा दंड. मावशींच्या बाबतीतही हेच होणार होतं. कंपनी दोन-चार दिवसांत पुन्हा हप्ता लावणार होती. पगार जमा झालाय, पण त्यातून त्यांनी घरभाडं दिलंय, उसने घेतलेले परत केलेत.

आणि लगेच कुणीतरी येईल सांगायला, की कर्ज घेतलंय तर वेळेवर फेडायला नको का. नको कशाला, फेडायलाच हवं. सही आम्हीच केलेली असते. मान्य. हप्ता परत गेला तर बँकेला थोडंफार काम पडतं, हेही मान्य. पण सगळं काम यंत्र करतं. सकाळी पावणेसातला माझा हप्ता परत पाठवायला कुणी माणूस बसला होता का? ५०० रुपयांचं नेमकं काय काम झालं ते एकदा कुणीतरी समोर बसवून समजावून सांगावं, मी ऐकून घेईन.

सगळ्यात संताप याचा येतो, की ३८ रुपये कमी असोत की ३८ हजार, दंड तोच. लाखभर पगारवाल्याला ५९० कापले गेलेले कदाचित कळतही नाहीत. मावशींना ते हप्त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहेत. आपल्यातल्या कुणाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, माहीत आहे मला. आपण सगळे अशाच घरांतून आलोय. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आईचा चेहरा कसा व्हायचा ते आपण पाहिलंय.

बरं, प्रमाणात दंड लावताच येत नाही असंही नाही. बचत खात्यात किमान शिल्लक नसली तर त्यावरच्या दंडासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ एप्रिल २०१५ पासूनचा. जेवढी रक्कम कमी, त्या प्रमाणात दंड. आधी ग्राहकाला कळवायचं, महिन्याभराची मुदत द्यायची आणि निव्वळ या दंडामुळे खातं उणे होऊ द्यायचं नाही. किती साधा, माणसासारखा विचार आहे! मग हाच विचार परत गेलेल्या हप्त्याला का नाही लावत? ३८ रुपये कमी, तर त्या प्रमाणात घ्या. दोन दिवस थांबा. मेसेज पाठवा की बाई, उद्या हप्ता आहे आणि खात्यात एवढे कमी आहेत. खात्यात किती आहेत ते बँकेला दिसतच असतं. मला शनिवारी रात्री असा एक मेसेज आला असता तर मी शेजारणीचं दार वाजवून ३८ रुपये खात्यात टाकून घेतले असते.

आणि त्या किमान शिल्लकेच्या दंडाचंही काय झालं? २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी त्यापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये वसूल केले, संसदेत सरकारनेच सांगितलं. खात्यात पैसे ठेवू शकले नाहीत अशा लोकांकडून! स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्येच बंद केला, नंतर २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी केला. म्हणजे बंद करता येतो. तो नसला तरी बँक चालते.

कर्ज देणाऱ्यांसाठीही रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढलंय. हप्ता चुकल्यावर लागणारा दंड कर्जदाराला शिस्त लागावी म्हणून आहे, कमाईचं साधन म्हणून नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायचं नाही आणि जेवढी चूक, त्या मानाने दंड वाजवी असावा. २०२४ पासून लागू आहे. वाचून बरं वाटलं होतं. पण मावशींच्या मोबाइलवरचे ते तीन मेसेज बघून शिस्तीचं सांगू नका मला. ज्या बाईने दोन वर्षांत एक दिवस उशिरा येऊन ऑफिसचं कुलूप उघडलं नाही, तिला शिस्त लावणार? शिस्त लावायची तर पगार उशिरा करणाऱ्या त्या कंत्राटदाराला लावा. त्याच्या खात्यातून का नाही जात ५९०?

थांबले जरा. पाणी पिऊन आले.

एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती सांगायलाच हवी. त्या वेळी मी पासबुक घेऊन शाखेत गेले होते. काउंटरवरच्या मुलाने वर न बघता सांगितलं, "मॅडम, सिस्टीम कापते, आमच्या हातात नसतं." मी तिथेच बाजूला उभी राहून रडले. खरंच रडले, आता लिहायला लाज वाटत नाही. तेव्हा आतल्या टेबलावरच्या एक बाई उठून आल्या. वयाने माझ्या आईएवढ्या. पासबुक हातात घेतलं, त्या फिकट जांभळ्या ओळींवरून बोट फिरवत गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू तर पैसे भरलेले दिसतायत इथे." मग एक कोरा कागद दिला आणि अर्जात काय लिहायचं ते त्यांनीच सांगितलं. आठ दिवसांनी ५९० रुपये खात्यात परत आले. दुसऱ्या बाउन्सचे. पहिल्याचे नाही आले, कंपनीचे हजारही नाही आले, पण ते ५९० आले.

मला त्या बाईंचे आभार मानायचे राहून गेले. परत गेले तेव्हा त्यांची बदली झाली होती.

आणि त्याच दिवशी कळलं, की परत करणं त्यांच्या हातात असतं. मागितलं तर. कागदावर लिहून मागितलं तर. समोरच्या खुर्चीत कनवाळू माणूस असला तर. मला निदान अर्ज लिहिता येतो. मावशींनी कुणाला आणि कसा लिहायचा? त्यांना तर आपले पैसे कापलेत हेही माझ्याकडून वाचून घ्यावं लागलं. इंग्रजीत मेसेज पाठवून म्हणायचं की आम्ही ग्राहकाला कळवलं होतं! कर्ज देताना मात्र त्याच माणसांची जाहिरात छान मराठीत येते. पाच मिनिटांत कर्ज, कागदपत्रांची कटकट नाही. तेव्हा भाषा येते सगळ्यांना.

वसुलीच्या फोनचं तर विचारू नका. मला फोन करणारा मुलगा म्हणाला होता, केस होऊ शकते. दोन रात्री झोप नाही. नंतर कळलं, की हप्ता बाउन्स झाला तर केस करता येते असं २००७ च्या पेमेंट कायद्यात कलम २५ आहे खरं, पण आधी लेखी नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात. हे त्या मुलाने सांगितलं नाही. त्याच्यावर राग नाही माझा. त्यालाही कुणीतरी टार्गेट दिलेलं असणार आणि त्याचाही कुठलातरी हप्ता ५ तारखेला असणार.

तर आज मी मावशींना बसवून तीन गोष्टी सांगितल्या. एक, आत्ताच्या आत्ता हप्ता कंपनीच्या लिंकवरून भरायचा आणि पावती जपायची, म्हणजे पुन्हा बाउन्स व्हायला नको. आम्ही तो तिथेच बसून भरला. थोडे कमी होते, ते मी घातले. त्या नको नको म्हणत होत्या. मी म्हटलं, मावशी, पुढच्या महिन्यात द्या. दुसरं, हप्त्याची तारीख ५ वरून १० करून मागायची. आणि तिसरं, बँकेला चार्ज परत करण्यासाठी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते आणि तक्रारीला पैसे लागत नाहीत. हे तुमच्या घरी कामाला येणाऱ्यांना, वॉचमनला, ज्याचा पगार मागेपुढे होतो त्या प्रत्येकाला सांगा. किमान शिल्लक लागत नाही असं मूलभूत बचत खातं प्रत्येक बँकेत उघडून मिळतं, हेही सांगा. बँकवाले आपणहून सहसा बोलत नाहीत.

सगळं ऐकून झाल्यावर मावशींनी मोबाइल कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं ना?"

नव्हतं हो मावशी. माझंही नव्हतं. पण मला हे कळायला फार दिवस लागले. कित्येक महिने मी नवऱ्यालासुद्धा तो २,१८० चा आकडा सांगितला नव्हता, माझ्या हिशोबात खोट निघाली म्हणून. डायरीच्या त्या पानावर "३८" असं लिहून मी त्याभोवती इतक्या वेळा गोल काढला होता, की कागद फाटला होता. ती डायरी आजही कपाटात आहे.

अर्ज मी लिहून ठेवलाय, मराठीत, एक पानाचा. उद्या जेवणाच्या सुट्टीत मावशींबरोबर शाखेत जातेय. माझ्या मित्रयादीत बँकेतले बरेच जण आहात. आधीच्या बाउन्सचा चार्ज परत मिळवायला अर्जासोबत काय जोडलं तर सोपं जातं, पगार उशिरा झाल्याचं कंत्राटदाराचं पत्र चालतं का, आणि हप्त्याची तारीख बदलायला कंपनीत जावं लागतं की फोनवर होतं, एवढं आज रात्रीच कुणीतरी सांगा. सकाळी नऊला निघते मी.