पुलेशु, पुभाप्र आणि निःशब्द

लेखक व्हायचं ठरवलंत ना? मग आधी वाचणं बंद करा. दोन्ही कामं एका माणसाला झेपत नाहीत. सकाळी कथेचा भाग टाकायचा, लगेच सहलेखकांच्या भागांखाली 'अप्रतिम' लिहीत सुटायचं आणि मग डबे भरायचे, यात वाचायला वेळ आहे कुणाला?

पूर्वीचे लेखक बिचारे. 'मनोरंजन' मासिकानं १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाला दिवाळीची चटक लागली. पुढच्या पिढ्यान् पिढ्या परतीची तिकिटं जोडून संपादकाकडे कथा धाडत राहिल्या आणि 'साभार परत'ची चिठ्ठी आली की महिनाभर कुणाशी बोलत नसत. आता संपादकच नाही, तर परत करणार कोण? प्रतिलिपीसारख्या कथांच्या ॲपवर नाहीतर फेसबुकवर टाका आणि मोकळे व्हा. शुद्धलेखनाचा घोर नको. 'न' आणि 'ण' वाचक आपापल्या सोयीनं लावून घेतो.

खरी मेहनत शिफारशीत आहे. नियम एकच: जो आपली शिफारस करेल, त्याचीच करायची. 'माझे आवडते दहा लेखक' अशी पोस्ट टाका आणि दहाही जणांना टॅग करा. आठवड्याभरात दहा याद्या येतील आणि दहाहीत तुम्ही असाल. याद्या टाकणारे तेच, यादीत असणारे तेच, बदाम देणारेही तेच. लग्नातल्या आहेराची वही ठेवतात तशी एक वही ठेवा. कुणी किती दिलं, आपण किती फेडलं, सगळं लिहून काढा.

आता चंद्रपूरकडे कुणी एक बाई लिहीत असते. वर्षाकाठी दोन-तीन कथा, त्याही एका भागात संपणाऱ्या. तिच्या कथेतली म्हातारी पहाटे मोहफुलं वेचायला जाते आणि टोपली किती भरली यावरून किती वाजले ते सांगते. छान आहे, पण ही बाई कुणाला टॅग करत नाही, कुणाच्या वाढदिवसाला कविता करत नाही. तिला यादीत घेऊन आपला काय फायदा? झोप येत नसेल त्या रात्री तिची कथा वाचा हवी तर. फक्त लाइक करू नका, लोक बघतात.

प्रतिसाद न वाचता द्यायचा, म्हणून जपून द्यायचा. जुन्या मराठी संस्थळांवरच्या मंडळींनी 'पुलेशु' आणि 'पुभाप्र' ही रामबाण औषधं आपल्यासाठी शोधून ठेवली आहेत. 'पुढील लेखनास शुभेच्छा' कुठेही चालतं. 'पुढील भागाच्या प्रतीक्षेत' मात्र एखाद्यानं वडिलांवर लिहिलेल्या मृत्युलेखाखाली पडलं, तर पंचाईत होते. अंदाज येत नसेल तर 'निःशब्द' लिहा. पावसाची कविता, घटस्फोट, मिसळीची पाककृती, काहीही असो, खपून जातं.

कथेखाली '© सर्व हक्क सुरक्षित' असं लिहायला विसरू नका. १९५७ च्या कायद्यानं हक्क तसाही लेखकाकडेच असतो, हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं, त्यासाठी नोंदणीही लागत नाही. पण त्या खुणेनं भारदस्तपणा येतो. कथा चांगली असेल तर चार दिवसांत तुमच्याच मावशीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर परत येईल, खाली 'लेखक अनामिक, पण काय लिहिलंय!' या शेऱ्यासकट. फारच चांगली असेल तर पु. लं.च्या नावानं येईल. ते २००० साली गेले, पण व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचं लेखन अजून जोरात चालू आहे. वाईट वाटून घेऊ नका, मावशीला बदाम पाठवा.

एकच धोका सांगून ठेवतो. कधीतरी एखादी वाचक खरोखर वाचते. असेल कुणी निवृत्त बाई, इचलकरंजीची वगैरे. ती विचारते, "ताई, चौथ्या भागात सासूबाई वारल्या होत्या ना? मग सातव्यात पुरणपोळ्या कोण लाटतंय?" घाबरून तिला ब्लॉक करू नका. 'तुमच्यासारखे रसिक वाचक हीच माझी पुंजी' असं लिहून हात जोडा आणि सासूबाईंना जुळी बहीण होती म्हणून सांगा. निदान वीस भाग तरी वाढतील.