टेक्ससच्या उद्यानतळ्यांतले ट्राऊट: खुलासा

हिवाळा आला की टेक्ससमधल्या ओळखीच्या लोकांत एक गोष्ट फिरू लागते: शहराच्या उद्यानातल्या तळ्यात सोडलेले रेनबो ट्राऊट धरले तर परत सोडावेत, म्हणजे त्यांची वीण वाढून पुढच्या वर्षी तळे भरून जाईल. हेतू चांगला आहे, पण माहिती चुकीची आहे.

ट्राऊट हा थंड पाण्याचा मासा. अंडी घालायला त्याला गार, वाहते पाणी आणि खडीचा तळ लागतो. उद्यानातल्या साचलेल्या, गाळाच्या तळ्यात यातले काहीच नसते. पाणी २१ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की तो हैराण होतो आणि २५ च्या आसपास तगणे कठीण. डॅलस-ह्यूस्टनकडच्या उन्हाळ्यात उथळ तळी याहून कितीतरी तापतात, त्यामुळे उरलेले मासे मरतातच. राज्याचा वन्यजीव विभाग हे मासे थंडीत सोडतो ते लोकांनी धरून खावेत म्हणूनच. तेव्हा घरी न्या, तळा, मुलांना खाऊ घाला, अपराधी वाटून घेऊ नका.

मात्र हवे तितके न्या असेही नाही. माणशी दिवसाला पाच, ही मर्यादा आहे. ‘उद्यानात परवाना लागत नाही’ हेही अर्धेच खरे. ती सूट राज्य उद्यानांच्या हद्दीतून गळ टाकणाऱ्यांना आहे, शहराच्या उद्यानांना नाही. तिथे सतरा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, पण शेजारी स्वतःचा गळ टाकून बसलेल्या आईबाबांना लागतो.