चिनी वृत्तपत्रे : उत्पन्न बाजाराचे, परवाना पक्षाचा

चीनमध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्य कधी नव्हतेच, असे आपल्याकडे सरसकट म्हटले जाते. मला हे म्हणणे अन्यायाचे वाटते, कारण मिळालेल्या थोड्याशा मोकळिकीत तिथल्या पत्रकारांनी काय करून दाखवले, तेच त्यात झाकले जाते.

१९७८ मध्ये आर्थिक सुधारणा सुरू झाल्या तेव्हा सरकारने वृत्तपत्रांना स्वतःच्या कमाईवर चालण्याची मुभा दिली, पुढच्याच वर्षी जाहिराती परतल्या आणि वाचक मिळवणे भाग पडू लागले. त्यातूनच ग्वांगझूमध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्याच वृत्तपत्रसमूहातून ‘सदर्न मेट्रोपोलिस डेली’सारखे धीट दैनिक उभे राहिले. मार्च २००३ मध्ये सुन झिगांग या २७ वर्षांच्या डिझायनरला, तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना जवळ नाही म्हणून, पोलिसांनी रस्त्यावरून उचलले आणि तीन दिवसांत तो मारहाणीने कोठडीत दगावला. शवविच्छेदनाच्या अहवालासह या दैनिकाने २५ एप्रिलला ती बातमी छापली, देशभर संताप उसळला आणि परवाना नसलेल्यांना डांबून गावी धाडण्याची पद्धतच सरकारने जूनमध्ये मोडीत काढली. एका बातमीने एवढे घडवल्याची उदाहरणे लोकशाही देशांतही विरळाच. पुढच्या वर्षी मात्र संपादक छंग यिझोंग पाच महिने कोठडीत होते, आणि व्यवस्थापक यू हुआफंग यांना भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली तुरुंगवास झाला.

माझ्या मते इथेच सारे स्पष्ट होते. प्रत्येक प्रकाशनामागे सरकारी किंवा पक्षीय पालक संस्था असलीच पाहिजे, ही अट सुधारणांच्या ऐन भरातही हलली नाही. त्यामुळे मोकळीक ही मर्जी राहिली, तिचा हक्क कधी झाला नाही. शी जिनपिंग यांच्या काळात दोर आवळणे म्हणूनच सोपे गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी सरकारी माध्यमांना पक्षनिष्ठा हेच पहिले कर्तव्य असल्याचे बजावले, आणि २०१८ मध्ये वृत्तपत्रांचे नियमन थेट पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेले.

२०२० च्या सुरुवातीला वुहानमध्ये साथ पसरत असताना ‘काईशिन’ या आर्थिक बातम्या देणाऱ्या माध्यमसमूहाच्या वार्ताहरांनी तिथे राहून, दडवादडवीवर बोट ठेवणारे वार्तांकन केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये, इतर संकेतस्थळांना ज्यांच्या बातम्या पुन्हा प्रसिद्ध करता येतात, त्या मान्यताप्राप्त माध्यमांच्या यादीतून ‘काईशिन’चे नाव वगळण्यात आले. ते बंद पडलेले नाही, पण त्याच्या बातम्या वर्गणीदारांपलीकडच्या वाचकापर्यंत पोहोचण्याची सर्वांत मोठी वाट सरकारने बुजवली.