बागेचं काय, ती कुठे पळून जातेय?

२०२७ साली जपानात योकोहामाला आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शन भरतंय आणि तुम्ही सहकुटुंब जायचं ठरवलंय, हे ऐकून मन भरून आलं. या विषयातला माझा अनुभव दांडगा आहे. गेल्याच रविवारी आमच्या घरी या सहलीची दुसरी बैठक झाली. साबुदाणा वडे २८, हजेरी ११, झाडाचा उल्लेख एकदा. तोही शेजाऱ्यांच्या शेवग्याचा, आमच्या पार्किंगमध्ये कचरा पाडतो म्हणून. तेव्हा माझं ऐका.

आधी व्हॉट्सॲप ग्रुप काढा. आमच्या ग्रुपात माणसं ३१, येणारी ९. उरलेल्या २२ जणांना काढू नका, त्यांचीच मतं जास्त ठाम असतात. डीपीला ट्यूलिप लावा. जपानला जाताना हॉलंडचं फूल का, असं विचारणारं कुणी निघालंच तर अंगठा दाखवून गप्प करा.

तारखा ठरवताना प्रदर्शनाच्या तारखा अजिबात पाहू नका. १९ मार्च ते २६ सप्टेंबर हे एकदा कळलं की उगाच दडपण येतं. मार्चअखेरीला साकुरा, मेमध्ये गुलाब, जूनच्या पावसात अजिसाई म्हणजे आपलं हायड्रेंजिया, जुलैत कमळं, हा क्रम फुलांनी पाळावा. आपण मुलांच्या परीक्षा, हापूसची पेटी, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि वन्संच्या पुतण्याचं लग्न पाळावं. एवढं सगळं वजा जाता आमच्याकडे एकच आठवडा मोकळा निघाला. दिवाळीचा! मी म्हटलं, तोवर तिथे मांडव उतरवणारी माणसं तेवढी दिसतील. त्यावर आमच्या भावजींनी वडा चटणीत बुडवला आणि म्हणाले, "वहिनी, बागेचं काय, ती कुठे पळून जातेय?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

पासपोर्टची मुदत विमानतळावर तपासावी.

वाचून तर मुळीच जाऊ नका. ही जागा म्हणजे अमेरिकन नौदलाचं जुनं संदेशकेंद्र, २०१५ मध्ये जपानला परत मिळालेलं, सेया भागातलं सुमारे १०० हेक्टरांचं माळरान. रेल्वे दारापर्यंत जात नाही, आसपासच्या स्टेशनांवरून शटल बस घ्यायची. मी हे ग्रुपवर टाकलं. उत्तरादाखल चार जोडलेले हात आले आणि एक प्रश्न: "तिथे जैन जेवण मिळतं का?" आमच्यात जैन कुणीही नाही.

आणि कार्यक्रम? तो टूर कंपनीवर सोपवून निर्धास्त व्हा. आमच्याकडे आलेल्या पत्रकातला सातवा दिवस असा: 'सकाळी भारतीय नाश्ता. उद्यान प्रदर्शन, १ तास १५ मिनिटे (फोटो स्टॉप). त्यानंतर खरेदी, ३ तास.' १०० हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीचशे एकर. मिनिटाला सव्वातीन एकर बाग बघायची. एवढ्या वेगाने तर टोळधाडसुद्धा जात नाही, ती निदान खाण्यापुरती तरी पानावर बसते.

मला हे गणित नवं नाही. २०२२ मध्ये याच मंडळींबरोबर, अशाच एका कंपनीच्या बसमधून मी हॉलंडला आल्मेरेच्या फ्लोरिआडला गेले होते. दहा-दहा वर्षांनी भरत आलेलं फुलाझाडांचं प्रदर्शन. १९६० साली रॉटरडॅमला पहिलं भरलं, तेव्हा त्यासाठी उभारलेला युरोमास्ट मनोरा अजून उभा आहे. आल्मेरे हे शहर तर समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर वसलेलं. त्या जमिनीवर या लोकांनी काय करावं? झाडं लॅटिन नावांच्या एबीसीडीप्रमाणे ओळीने लावली! कुणी कपाटात पुस्तकं लावावीत तसा अख्खा प्रदर्शनाचा परिसर. पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत तीन-तीन तास घालवणारी बाई मी. माझं काय झालं असेल!

आम्हाला मिळाले दोन तास. त्यातली ४० मिनिटं केबल कारच्या रांगेत, कारण 'वरून सगळंच दिसतं, मग चालायचं कशाला'. २० मिनिटं स्वच्छतागृहापाशी एकमेकांच्या पर्सेस धरण्यात. मग बाक दिसला, बाकावर ठेपले निघाले, लोणच्याचं पाकीट फुटलं, ते पुसायला टिश्यू शोधण्यात पंधरा मिनिटं. उरलेल्या वेळात मी एकटी पळत सुटले. ए. एसर, म्हणजे मेपल. हाताच्या पंजासारखी पानं, एकाची बोटं जाड, दुसऱ्याची चिरून काढल्यासारखी बारीक, वाकून वाकून बघत होते. मग बी. बेट्युला, भूर्ज. कागदासारखी सुटणारी पांढरी साल. आपल्याकडे भूर्जपत्रावर पोथ्या लिहीत, ते याच कुळातलं झाड. हात लावला मात्र, आणि मागून शिट्टी. टूर मॅनेजर झेंडा हलवतोय, बसमधून ननावरे काकू हाका मारतायत, "चला, चला, चीज फॅक्टरी बंद होईल!"

बीवरून परत. सीसुद्धा नाही. चोवीस अक्षरं तशीच उभी होती आणि मी चीजचे तुकडे टूथपिकने उचलत होते.

आणि भावजी, ती बाग पळाली बरं का. प्रदर्शन संपलं आणि त्या जागेवर घरांची वस्ती व्हायची होती, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. सहा महिने असते ती. मग नसते.

फोटो काढताना वाफ्यात उतरा. दोरी लावलेली असते ती तुमच्यासाठी नव्हे, बाकीच्यांसाठी.

एक महत्त्वाची सूचना राहिली. आठवण म्हणून एखादी फांदी, एखादा कंद मोज्यात घालून आणा. आमच्या बसमधल्या एका बाईंनी आणला होता आणि विमानात अभिमानाने दाखवला. 'एवढ्याशाने काय होतंय?' परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र नसेल तर लावायला कंद किंवा फांदीसुद्धा देशात आणता येत नाही. पण नियम काय, माझ्यासारख्या कटकट्या माणसांनी केलेले असतात. एवढ्याशाने काय होतं ते पुणेकरांनी तरी विचारू नये. गव्हाच्या पोत्यांतून आलं म्हणतात ते गाजरगवत १९५५ च्या सुमारास देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते आपल्याच पुण्यात. आज एक मोकळा प्लॉट दाखवा त्याच्याशिवाय. अंगाला खाज, नाकाला शिंका, गुरं तोंड लावत नाहीत. आणि तुम्ही मोज्यात कंद आणता? लाज नाही वाटत?

नाही, आता उपरोध पुरे झाला. तुम्हाला फुलं आवडत नाहीत. नसतील आवडत, गुन्हा नाही तो. खरेदी आवडते तर खरेदीला जा, टोकियोत दुकानं कमी नाहीत. पण एखाद्या माळ्याने तीन-तीन वर्षं आधी माती तयार केलेली असते, मार्चला काय फुलेल आणि सप्टेंबरला काय, याचा हिशेब मांडलेला असतो, तिथे जाऊन पाठ फुलांकडे आणि तोंड मोबाइलकडे करून उभं राहायचं, आणि ज्याला बघायचंय त्याला शिट्ट्या मारून ओढत न्यायचं, हे कशासाठी? स्टेटसला टाकायला? मग सारसबागेत काढा की फोटो, कुणाला कळणार आहे!

मी जूनमध्ये जातेय. पावसात, छत्री घेऊन, एकटी, तीन दिवस त्या एकाच ठिकाणी. आमच्या ह्यांनी ऐकून फक्त "बरं" म्हटलं.

येत्या रविवारी तिसरी बैठक आहे. या हवं तर. वडे केलेले नाहीत.