तरंगतं हॉटेल अन् बेलतरोडीची काळी माती

‘१९२३च्या भूकंपात सारं टोकियो पडलं, एकटं इम्पीरियल हॉटेल उभं राहिलं, कारण अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइटने त्याचा पाया चिखलावर तरंगता ठेवला होता. काळ्या मातीत खोल पाया म्हणजे ठेकेदाराची कमाई.’ हा फॉरवर्ड वाचून आमचा भाचा नागपूरजवळच्या बेलतरोडीच्या प्लॉटवर अडीच फुटांत पाया उरकायला निघालाय. आता बोलणं भाग आहे.

‘एकटं’ हे धादांत खोटं. १९१४चं टोकियो स्टेशन तेव्हा टिकलं, आजही वापरात आहे. जपानी इमारत-अभियंते नाइतो ताचूंनी गणित मांडलेली इंडस्ट्रियल बँकेची इमारत तर हॉटेलपेक्षा बरी राहिली. शहर मुख्यतः आगीत गेलं.

तरंगता पाया म्हणजे ९ इंच जाड, ८ फूट लांब काँक्रीटचे पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले खांब, दोन-दोन फुटांवर. खाली साठेक फूट चिखल. मऊ गाळ हादरा गिळत नाही, वाढवतो. हॉटेलचा मधला भाग खचला, पुढेही इमारत खचत राहिली, आणि १९६७-६८मध्ये ती पाडली. मध्ये सांधे ठेवून केलेले इमारतीचे सुटे तुकडे, कौलांऐवजी तांब्याचं हलकं छप्पर, यांचा उपयोग झाला असेल, तेवढं मान्य. ‘पाडलं नाही, अख्खं हॉटेल उचलून संग्रहालयात नेलं’ असंही सांगतात म्हणे! मेइजी-मुरा या जपानमधल्या खुल्या संग्रहालयात फक्त दर्शनी भाग आणि लॉबी आहे.

खरा घात पुढे आहे. तिथला चिखल बारमाही ओला. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. कडेची माती आधी भिजते, कडा उचलल्या जातात, दारं अडतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. एकमजली घराला हा त्रास जास्त, कारण फुगणारी माती दाबून धरायला त्याचं वजन पुरत नाही.

पाइलच्या पायाचं भारतीय मानक, आयएस २९११, भाग ३ उघडून बघा: खोल काळ्या मातीत अंडर-रीम्ड (तळाशी फुगवटा असलेला) पाइल किमान ३.५ मीटर, खालचा फुगवटा दांड्याच्या २ ते ३ पट, आणि प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या तुळईखाली) ८० मिलिमीटर मोकळी फट. फुगवट्यात सुटी माती राहिली तर पाइल बसतो, म्हणून काँक्रीटआधी भोक साफ करून घ्या.

ठेकेदार गरज नसताना पाइल गळ्यात मारतात, हे मात्र खरं. काळी माती चार-पाच फूटच असेल आणि खाली कडक मुरूम लागत असेल, तर मुरुमात साधा फूटिंग, म्हणजे रुंद बैठकीचा उथळ पाया, पुरतो. ते कळायला दोन कोपऱ्यांत खड्डे खणा, शेजाऱ्याच्या घरावरून अंदाज नको. घराभोवती उताराचा पक्का एप्रन, म्हणजे फरशीचा पट्टा, करा. आणि बीमखालची ती फट ‘पोकळ दिसते’ म्हणून मिस्त्री मुरूम ठोकून भरतो, तेवढं उभं राहून थांबवा.